आयर्विन पुलाचा आकडा माणसानेच प्रसिद्ध करावा

वर्डप्रेसला (वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरला) एआय सहाय्यक जोडताना त्याला सगळे अधिकार असलेले अ‍ॅडमिनचे खाते द्या, असे या लेखात म्हटले आहे. ते मला अजिबात पटले नाही. त्याच्यासाठी वेगळा युजर काढा आणि ‘कॉन्ट्रिब्युटर’ एवढाच दर्जा द्या. मग तो मसुदा लिहील, पण प्रसिद्ध करू शकणार नाही. प्रसिद्ध झालेल्या मजकुरालाही हात लावू शकणार नाही. जोडणीला, बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी वेगळा काढता येतो तो, अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड वापरा. २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून ही सोय वर्डप्रेसमध्येच आहे, आणि शंका आली की तेवढाच पासवर्ड रद्द करता येतो. (कॉन्ट्रिब्युटरला फोटो चढवता येत नाहीत, ते आपणच टाकायचे.)

आम्ही सांगलीकर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेच्या पाण्याची पातळी बघून सामान हलवतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा रात्री स्थानिक बातम्यांच्या साइटवर सहाय्यकाने कालचा आकडा आजचा म्हणून परस्पर टाकला, तर नदीकाठची माणसं घरातच थांबतील. हळदीच्या सौद्याचा दर चुकला तर दुपारी दुरुस्ती छापता येते, पाणी तेवढा वेळ देत नाही. लेखकाने अ‍ॅडमिनचा तो परिच्छेद कृपया आजच बदलावा.