लायनर सुटला, राग भलत्यावरच

गोव्यातल्या पेडण्याच्या माझ्या मावसभावाने ऐन पावसाळ्यात नवा पिकअप घेतला. पहाटे मालीम जेटीवर मासळीचे क्रेट भरायचे आणि पेडणे-डिचोलीकडे पोचवायचे, हा त्याचा धंदा. गाडी तोच चालवतो. बर्फाचं खारट पाणी पत्रा खातं म्हणून त्याने लगेच हौद्याला स्प्रे लायनर, म्हणजे पत्र्यावर फवारून बसवायचा जाड संरक्षक थर, मारून घेतला. चतुर्थीच्या आधीच मागच्या फाळक्याजवळ पापुद्रे निघाले, मधोमध फोड आले. फोड दाबला की पाणी येतं. गॅरेजवाला हात झटकतोय, आणि आमच्या घरच्या ग्रुपवर सगळ्यांचा एकच सूर: भायल्यांच्या, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या, हातात काम दिलं की असंच व्हायचं.

हे मला अजिबात पटत नाही. मी कॅनडात, ओंटारिओत एका बॉडी शॉपमध्ये हेच काम करतो, आणि इथे भायला मी आहे.

लायनर का सुटतो ते आधी सांगतो. नव्या गाडीच्या रंगावर क्लिअर कोट, म्हणजे गुळगुळीत पारदर्शक थर असतो. पॉलिश पेपरने घासून त्याची चमक पूर्ण मारली नाही, तर वरचा थर पकडच घेत नाही. हौद्याचे कोपरे, बोल्टांच्या भोवतालची जागा, फाळक्याची कड इथे हात नीट पोचत नाही, आणि घाई असली की नेमकं तेच घासायचं राहतं. मग सुटायला सुरुवात तिथूनच होते. फोडांचं कारण वेगळं. लायनर म्हणजे दोन रसायनं. फवारायच्या बंदुकीच्या तोंडाशी ती एकत्र येतात आणि काही सेकंदांत घट्ट होतात. त्यातल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनाला ओलावा लागला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि थरात बुडबुडे अडकतात. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव बनतं) किमान ३ अंश सेल्सिअसने जास्त असल्याशिवाय फवारायचं नाही, हा या धंद्यातला साधा नियम. गोव्यात जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. उघड्या शेडमध्ये, पाऊस कोसळत असताना हे काम हाती घेणं हा मालकाचा निर्णय. बंदूक धरणाऱ्या पोराला तिथे कोण विचारतो?

भावाने काम चालू असतानाचा एक फोटो पाठवला होता. पोरगा हौद्यात वाकून फवारतोय आणि त्याच्या तोंडाला रुमाल बांधलाय. तो फोटो पाहून माझ्या पोटात गोळा आला. आयसोसायनेट श्वासात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे जराशा वासानेही श्वास अडकतो. मी हे काम करताना नळीने बाहेरची स्वच्छ हवा देणारा मास्क लावतो. त्याशिवाय मला बूथमध्ये पाऊलच टाकू देत नाहीत.

इथे सगळं छान आहे असं नाही. इथेही लायनर सुटतात, गाड्या परत येतात. बाहेरून आलेल्यांबद्दल चहाच्या सुट्टीत जे बोललं जातं, ते माझ्याही कानावर पडतं. पण गाडी परत आली की आमच्याकडे आधी कामाचा कागद काढतात. घासलं कोणी, त्या दिवशी आर्द्रता किती होती, रसायनाचा कुठला डबा वापरला, सगळं त्यावर असतं. भरपाई दुकान देतं.

गोव्यात जमिनी, भाडी, नोकऱ्या यांवरून जो वाद पेटलाय तो खोटा नाही. गावच्या पोरांना गावात काम मिळत नाही, म्हणून तर माझ्यासारखे बाहेर पडतात. त्यावर भांडलंच पाहिजे. पण पत्र्यावरच्या फोडाचा जाबही त्याच वादात ढकलला, की पैसे घेणारा मालक आरामात सुटतो. मालक आपल्याच गावचा असला, तर त्याला जाब विचारायला आपण आणखीच कचरतो.

कायदा तर हाताशी आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष सेवेची तक्रार करता येते. गाडी धंद्याची आहे, हे कारण गॅरेजवाला पुढे करेल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू कायद्याने ‘व्यापारी’ ठरत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला २ वर्षांची मुदत आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी सल्लाही मिळतो. फोटो, बिल आणि एक लेखी नोटीस, एवढ्यावर सुरुवात होते.

सुटलेल्या थरावरच परत लायनर मारून घेऊ नका, खाली अडकलेलं पाणी आतल्या आत गंज धरतं. जुना थर पूर्ण काढून, पत्रा तपासून, पाऊस संपल्यावरच काम करून घ्या. आणि कुणीही नवी गाडी लायनरला देत असाल, तर पैसे द्यायच्या आधी मालकाकडून लिहून घ्या: पत्रा घासून देणार का, हमी किती वर्षांची, लायनर सुटल्यास जबाबदार डीलर की गॅरेज. फवारणाऱ्याला मास्क कोणता देता, हेही विचारा. नुसता रुमाल असेल तर गाडी तिथून काढा.