खोक्याचं बूड

राउटरचं खोकं उलटं करून पाहिलं म्हणून भर दुकानात माणसाची शोभा होऊ शकते, हे मला माहीत नव्हतं. इंदूरच्या जेल रोडवर परवा झाली.

जुन्या राउटरला कंपनीने अपडेट देणं बंद केलं होतं. नवा असा हवा होता की उद्या या कंपनीनेही हात वर केले, तर मी त्यावर ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीची लिनक्सवर चालणारी फुकट सिस्टिम, चढवून मोकळा. पण त्यासाठी नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही, हार्डवेअर व्हर्जन, म्हणजे आतल्या मालाची आवृत्तीही लागते. आणि ते छापलेलं असतं खोक्याच्या बुडाशी, सीरियल नंबरच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

चष्मा कपाळावर सारून मी खोकं डोळ्यांशी नेलं आणि पुटपुटलो, "काय छापलंय, दिसेल तर शपथ." इंदुरात मराठीत पुटपुटणं धोक्याचं. कुणीतरी रामबागेच्या मराठी वस्तीतलं निघतंच.

"एक्सपायरी बघताय का?"

मागे एक काका. हातात रबर बँडने बांधलेला टीव्हीचा रिमोट. त्याचं काम केव्हाच आटपलं असावं, पण चालत्या दुकानातून कोण उगाच घरी जातो?

"नाही काका, व्हर्जन बघतोय. आत चिप कुठली, मेमरी किती, ते त्यावरून कळतं."

"मग लाजता कशाला? विचारा की!" असं म्हणून काकांनीच आवाज टाकला, "भिया, इनको अंदर का माल देखना है!"

अख्खं दुकान वळलं.

"सील नहीं खुलेगी, सर," मालक म्हणाला.

"सील नको उघडायला, हा खालचा नंबर..." मी गडबडून मराठीतच बोलत होतो.

"सब सेम है, सर. नया स्टॉक है."

सब सेम! इथेच माझं टाळकं सरकतं. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एनचंच घ्या. नाव एकच, आवृत्त्या डझनभराच्या वर. १३व्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश (सिस्टिम साठवायची जागा) आणि ६४ एमबी रॅम (चालताना लागणारी मेमरी), तर १४व्यात ४ आणि ३२. आकडा वाढला, माल निम्मा! ओपनडब्ल्यूआरटीला आज किमान ८ आणि ६४ लागतात, म्हणजे नवा घेणारा फसला. बरं, ही रीत जुनीच. ज्या लिंक्सिस डब्ल्यूआरटी५४जीवरून ओपनडब्ल्यूआरटीला नाव मिळालं, त्याच्याच पाचव्या आवृत्तीत कंपनीने लिनक्स काढून दुसरी सिस्टिम बसवली आणि मेमरी अर्धी केली. मग लिनक्सवाल्यांसाठी २००५ मध्ये शेवटी 'एल' जोडून वेगळं मॉडेल काढलं. म्हणजे फरक कंपनीला पक्का ठाऊक असतो. खोक्याच्या तोंडावर तेवढा छापवत नाही. तिथे अँटेनांचा फोटो असतो.

काकांचंही लक्ष तिथेच. "याला दोनच अँटेना. तो सहावाला घ्या."

"नुसत्या अँटेनांच्या संख्येवर काही नसतं हो."

"नसतं कसं? आमच्या गच्चीवर एकच होता, तर नुसतं दिल्ली दिसायचं."

यावर काय बोलणार? मी पुन्हा बुडाकडे वळलो. काका जवळ सरकले.

"म्हणजे नवाकोरा घेणार, आणि कंपनीने आत घातलेलं काढून टाकणार?"

"हो."

"वॉरंटी?"

"तिचा भरवसा नाही."

"आणि तुमचं ते चढवताना लाइट गेली तर?"

"तर राउटर मरू शकतो. बहुतेक वेळा केबल लावून उठवता येतो, पण..."

काकांनी पुढचं ऐकलंच नाही. गंभीर चेहऱ्याने मालकाकडे वळून म्हणाले, "भिया, इनको डिस्काउंट दे दो. ये तो वैसे भी तोड़ने वाले हैं."

हसू दे, लोक हसणारच. पण काउंटरवरचा पोरगाही हसला, जो मघाशीच मला वायफायच्या दोन फ्रिक्वेन्सींबद्दल 'ड्युअल बँड मतलब दो सिम' शिकवत होता! ते लागलं.

मालकाने खोकं हळूच माझ्या हातून काढून फळीवर ठेवलं. "ऑनलाइन मंगवा लो, सर." ऑनलाइन तर आणखी आनंद. तिथे बूडच नाही. एकाला तिसरी आवृत्ती येते, दुसऱ्याला चौथी, आणि विक्रेत्याला विचारावं तर उत्तर येतं, 'प्रॉडक्ट इज ओरिजिनल, सर.' पैसे मोजणाऱ्याला आत काय आहे ते विचारायची चोरी. साधं धान्य घेताना आपण मूठभर हातात घेऊन बघतो, तेव्हा कुणी हसत नाही.

काकांनी सहा अँटेनावाला घेतला. माझ्या नावाने निघालेलं डिस्काउंट स्वतःला लावून घेतलं. वर माझा फोन नंबरही घेतला, कारण राउटर बसवून द्यायला कुणीतरी हवं.

"रविवारी सकाळीच या, पोहे करायला सांगतो," पायरी उतरता उतरता म्हणाले. "पण ते तुमचं काय ते आमच्यावर चढवू नका हं. आम्हाला वॉरंटी हवी आहे."