डॅडी ड्यूटी कशी करावी

बाबांनी मुलांमध्ये भावनिकदृष्ट्या गुंतावं, असं हल्ली जो तो सांगतो. नेमकं करायचं काय, हे मात्र कोणी सांगत नाही. गेल्या आठवड्यात आमच्याच घरात त्याचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा म्हटलं इतर होतकरू बाबांनाही लाभ होऊ दे.

सुरुवात दवाखान्यापासून करा. पोराला ताप आहे आणि बायकोला ऑफिसला दांडी मारणं शक्य नाही, अशा दिवशी "मी नेतो की" म्हणा. छाती फुगवून म्हणा. डॉक्टरांसमोर बसलात की फोन लावा. ताप कधीपासून? फोन. वजन किती? फोन. मागच्या वेळी कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं? पुन्हा फोन, आता स्पीकरवर. फाइल पिशवीत दिलेली असते, पण पिशवी उघडणं पुरुषाला शोभत नाही. (फाइल निळी आहे. वर ठळक अक्षरात पोराचं नाव आहे. ते मी लिहिलंय.) बायको मीटिंगमधून उठून जिन्यात उभी राहून कुजबुजत औषधांची नावं सांगत असेल, तर वैतागून म्हणा, "जरा मोठ्यानं बोल ना!" बाहेर बाकावरच्या एखाद्या आजी म्हणतीलच, "किती करतो हो बिचारा." हे वाक्य घरी येऊन जसंच्या तसं ऐकवा. मग ग्लानीतल्या पोराबरोबर सेल्फी, लगेच स्टेटस, खाली "डॅडी ड्यूटी" आणि लाल बदाम. औषधं आणायची राहिली तरी हरकत नाही. बायको येताना आणते.

पालकसभेला अवश्य जा. 'अ' तुकडी की 'ब', हे गेटवरून फोन करून विचारा.

मुलगा रडला तर "मुलींसारखा काय रडतोस" एवढंच म्हणा. भावनांचं खातं तिथेच बंद होतं.

पितृत्व रजा घ्या. केंद्र सरकारच्या नोकरीत ती १५ दिवसांची मिळते, तेवढ्यात राहिलेली झोप होते. खासगीत तसा कायदाच नाही, तेव्हा बॉसकडे बोट दाखवून नामानिराळे व्हा.

घरी कोणी कामाचं बोललंच, तर "मी करतो की सगळं" म्हणा. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिवसभरात बिनपगारी घरकाम केलेले पुरुष चारांत जेमतेम एक निघाले. त्यांचीही दिवसाची सरासरी ९७ मिनिटं, बायकांची २९९. उरलेले तिघे बहुधा माझ्याच ओळखीचे आहेत.

संवादासाठी दोन प्रश्न पाठ करा: "अभ्यास झाला?" आणि "किती मार्क?" याउपर मुलांना काही हवं असेल, तर त्यांनी आईमार्फत अर्ज करावा. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर उंट सोडून कसं चालेल?

आमच्या पोराचा जिवलग मित्र शाळा सोडून गेला. हे कळलं कोणाला, तर व्हॅनवाल्या काकांना. "ताई, हल्ली मागच्या सीटवर एकटाच बसतो, बोलत नाही," असा त्यांनी मला फोन केला. आणि ज्यांच्या शेजारी तो रोज रात्री सोफ्यावर बसतो, ते म्हणाले, "मला कोणी सांगितलंच नाही." सांगायचं म्हणजे काय? परिपत्रक काढायचं? अहो, हातभर अंतरावर बसलंय ना पोरगं? आणि वर "मी तुला मदत करतो" म्हणे. मदत कोणाला? पोर काय मी माहेराहून आणलं होतं?

तुमचे वडीलही असेच होते, माहीत आहे. मित्रांबरोबर दोन पेग झाले की "बाबांनी कधी जवळ घेतलं नाही" म्हणून तुम्हीच गळा काढता. मग तेच स्वतःच्या पोराला कसं करवतं? लाज नाही वाटत? तो अजून तुमच्या शेजारी येऊन बसतोय. आणखी चार वर्षांनी खोलीचं दार लावून घेईल, तेव्हा "हल्लीची मुलं बोलतच नाहीत" म्हणून पुन्हा मलाच ऐकवाल.

मोबाइल बाजूला ठेवा आणि त्याला विचारा. तो "काही नाही" म्हणेल. तेवढ्यावर सुटका झाली समजून उठू नका. आम्हालाही आधी तेच उत्तर मिळतं.