आलो गं आई

सांगलीला आमची आई बाजारातून आली की दारातूनच हाक देते, "आलो गं मी." आजीसुद्धा "आत्ताच जेवलो" म्हणायची. कोल्हापूर-सांगलीकडच्या बायकांना यात काही वेगळं वाटत नाही. मी पुण्याला हॉस्टेलवर राहायला गेले तेव्हा खोलीतल्या मुली हसल्या, "तू मुलगा आहेस का?" महिन्याभरात माझं 'आलो'चं 'आले' झालं. आईचा फोन आला की आजही 'आलो'च तोंडात येतं.

सध्या शहरी कादंबऱ्यांतली, लिंगाच्या चौकटीत न मावणारी माणसं वाचतेय, म्हणून हे आठवलं. अरुंधती रॉय यांच्या २०१७ च्या 'द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस'मध्ये जुन्या दिल्लीतल्या एका आईला असं मूल होतं. तिला उमगतं, की आपल्या उर्दूत गालिचा, पुस्तक, पेन, सगळ्यालाच लिंग आहे. मग या बाळाला काय म्हणायचं? ते पान वाचून मी कितीतरी वेळ पुस्तक मिटून बसले होते.

मराठीत तर 'मी' म्हटल्यावरही सुटका नाही. पुढचं क्रियापद लगेच विचारतं, गेलो की गेले? सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'त (२००६) भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. आधी तनय बोलतो, मग अनुजा. ओढ एकाच माणसाची, एकाची 'लो'मधली, दुसरीची 'ले'मधली. इंग्रजी अनुवादात हा फरक कानावर पडणार कसा?

'लिंगाच्या चौकटीबाहेरचं हे सगळं इंग्रजीतून आलेलं फॅड' म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. आपली भाषा आधी नीट ऐका.

शेजारच्या एका पोरीनं तिची कथा वाचायला दिली. मिरजेहून पुण्याला नोकरीला गेलेलं कुणीतरी 'मी' म्हणून बोलतंय. मला भूक लागली, मी पाहिलं, मी उद्या जाणार. चौथ्या पानावर माझ्या लक्षात आलं, हा मुलगा की मुलगी ते एकाही क्रियापदानं सांगितलेलं नाही. किती मेहनत असेल त्यामागं! शेवटी ती व्यक्ती घरी परतते, दारात चपला काढते आणि म्हणते, "आलो गं आई." मिरजेत हे मुलगाही म्हणतो, मुलगीही.

एका मासिकानं कथा परत पाठवली, 'पात्राचं लिंग स्पष्ट करा' म्हणून. मी तिला सांगितलंय, एक अक्षर बदलू नकोस.