खुलासा: दाताचं इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ) किडत नाही, पण त्याभोवतीचं हाड झिजू शकतं
‘इम्प्लांट बसवलं की हिरड्यांची चिंता मिटली’ हा सध्या फिरणारा दावा अर्धवट आहे. इम्प्लांट ज्या धातूचं असतं ते टायटॅनियम किडत नाही, हे खरं. भोवतीची हिरडी मात्र सुजू शकते. नुसती सूज आणि रक्त असेल, तर जंतूंचा थर नीट काढल्यावर ती सहसा बरी होते. भोवतीच्या हाडाची झीज मात्र आपोआप भरून येत नाही, आणि बऱ्याचदा दुखत नसल्याने कळतेही उशिरा. तुलनेसाठी जुना एक्स-रे नसेल तर हिरड्यांच्या आणि इम्प्लांटभोवतीच्या आजारांच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार निदानासाठी रक्तस्राव, हिरडी आणि इम्प्लांटमधल्या फटीची ६ मिमी किंवा जास्त खोली आणि ३ मिमी किंवा जास्त हाडझीज हे तिन्ही एकत्र पाहतात. म्हणून कॅप (इम्प्लांटवरचा कृत्रिम दात) बसवल्यानंतरचा एक्स-रे जपून ठेवाच. कॅपखालून हिरडीत उतरलेलं सिमेंट (कॅप चिकटवायचा पदार्थ) हे या त्रासाचं हमखास नजरेतून सुटणारं कारण. ते तसंच राहिलं, तर नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही.