पेटाबिटची बातमी आणि तिच्यातून गळलेले १,८०८ किलोमीटर

जुलै २०२५ मध्ये सुरू झालेला एक मेसेज अजूनही कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. जपानने सेकंदाला १.०२ पेटाबिट (एक पेटाबिट म्हणजे दहा लाख गिगाबिट) वेगाचं इंटरनेट आणलं, अख्खं नेटफ्लिक्स एका सेकंदात डाउनलोड होतं, भारताच्या सरासरीपेक्षा हे १ कोटी ६० लाख पट आहे, आणि आपण मात्र स्क्रीनवरचं गोल चक्र बघत बसलोय. फायबर जोडण्याच्या कामात माझी पंधरा वर्षं गेली आहेत. हा मेसेज वाचला की मला मनापासून वाईट वाटतं. आकडा खरा आहे, पण त्याभोवती रचलेलं बहुतेक सगळं चुकीचं आहे. जे खरोखर मोठं काम झालं, ते त्यात कुठेच नाही.

पहिलं, ‘जपानने आणलं’. जपानमधल्या एकाही घरात हा वेग पोचलेला नाही. एनआयसीटी ही तिथली सरकारी संशोधन संस्था. तिने सुमितोमो इलेक्ट्रिकने बनवलेलं फायबर वापरून प्रयोगशाळेत हा प्रयोग केला. ८६.१ किलोमीटरच्या वेटोळ्यातून सिग्नल २१ वेळा फिरवला, म्हणून अंतर भरलं १,८०८ किलोमीटर.

नेटफ्लिक्सचं म्हणाल, तर १.०२ पेटाबिट म्हणजे साधारण १२७ टेराबाइट; बिट आणि बाइट यांत आठपटीचा फरक असतो. आता हा एका सेकंदाचा डेटा घरच्या कॉम्प्युटरच्या १ गिगाबिटच्या पोर्टमधून उतरवायचा म्हटला, तर जवळजवळ १२ दिवस लागतील. मधली वाट कितीही रुंद केली तरी दार तेवढंच राहतं.

१ कोटी ६० लाख पट ही तुलना तर कोयनेच्या विसर्गाशी घरातल्या नळाची तुलना केल्यासारखी आहे. एका बाजूला अख्ख्या मुख्य वाहिनीची क्षमता, दुसऱ्या बाजूला एका ग्राहकाचं कनेक्शन. त्या १.०२ पेटाबिटची फोड करून बघा. फायबरमध्ये १९ कोअर, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या १९ वाटा, प्रत्येक कोअरमध्ये प्रकाशाच्या १८० वेगवेगळ्या तरंगलांबी. भागाकार केला की एका तरंगलांबीच्या वाट्याला येतात सुमारे ३०० गिगाबिट. एका तरंगलांबीवर ४०० गिगाबिट नेणारी उपकरणं आज बाजारात मिळतात. म्हणजे कुठलाही एक किरण काही अचाट वेगाने धावलेला नाही.

गोल चक्राचाही याच्याशी संबंध नाही. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. १,८०८ किलोमीटरला ९ मिलिसेकंद लागतात, जुन्या फायबरमध्येही आणि या नव्यातही. तुमच्याकडे चक्र फिरतं ते बरेचदा राउटर दोन भिंतींपलीकडे असतो म्हणून, नाहीतर जेसीबीने रस्त्यालगतची केबल उखडलेली असते म्हणून.

आता मेसेजमधून गळलेली गोष्ट. पेटाबिट यात नवीन नाहीच! याच संस्थेने २०२३ मध्ये १९ कोअरच्या फायबरमधून १.७ पेटाबिट पाठवले होते, म्हणजे यापेक्षा जास्त. पण अंतर होतं फक्त ६३.५ किलोमीटर. नवीन आहे ते १,८०८ किलोमीटर.

हे अवघड का, ते मला रोजच्या कामातून कळतं. स्प्लायसिंगला, म्हणजे फायबरची दोन टोकं जोडायला बसलो की फायबरवरचं रंगीत कोटिंग सोलायचं, आत राहते ०.१२५ मिलिमीटरची काच. अल्कोहोलने पुसायची, क्लीव्हरवर काटकोनात तोडायची, मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर ठेवायची. स्क्रीनवर दोन खांब दिसतात, ठिणगी पडते, जोड होतो आणि लॉस, म्हणजे जोडावर वाया जाणारा प्रकाश, फक्त ०.०२ डीबी आला की जीव भांड्यात पडतो. यात कोअर एकच, अगदी मधोमध. या जपानी फायबरची जाडीही तेवढीच, ०.१२५ मिलिमीटर, पण आत १९ कोअर. ते इतके जवळ आहेत की एकातला प्रकाश दुसऱ्यात मिसळतोच, आणि अंतर वाढेल तसा गुंता वाढत जातो. घेणाऱ्या टोकाला सगळ्या कोअरचे सिग्नल एकत्र घेऊन गणिताने तो गुंता सोडवावा लागतो. शिवाय वाटेत १९ च्या १९ कोअरमधला क्षीण झालेला प्रकाश पुन्हा वाढवायचा. एवढं सगळं करून २१ फेऱ्यांनंतर डेटा शाबूत निघाला, हे मला पेटाबिटपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

जाडी तीच ठेवली याचंही महत्त्व आहे. केबल भरण्याच्या सध्याच्या पद्धतीत असं फायबर बसू शकतं. जोडणी मात्र शिकावी लागेल. टोकाला टोक भिडवून भागणार नाही, फायबर स्वतःभोवती किंचित फिरवून प्रत्येक कोअर समोरच्या कोअरशी जुळवावा लागेल.

प्रत्यक्षात ही वाट कुठवर आली आहे? तैवान, फिलिपिन्स आणि अमेरिका जोडणाऱ्या टीपीयू या समुद्री केबलमध्ये अनेक कोअरचं फायबर वापरणार असल्याचं गूगल आणि एनईसी ही जपानी कंपनी यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं. त्या फायबरमध्ये कोअर आहेत दोन.