तुमच्या मसाल्याच्या तक्रारीबद्दल, आणि आजीबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही दोन स्टार देऊन लिहिलंत की परळच्या आमच्या दुकानातून जूनमध्ये नेलेला मालवणी मसाला फिका निघाला, त्यात गुठळ्या होत्या आणि कोळंबीच्या कालवणाला वासच आला नाही. पुढे लिहिलंत, "आजी होत्या तोवर चव होती, आता भिंतीवर त्यांचा फोटो तेवढा उरलाय." हे मी आईला वाचून दाखवलं. ती काही न बोलता उठून आत गेली.

तुमची तक्रार खरी आहे. मे महिन्याच्या शेवटी वेंगुर्ल्याला पाऊस आला आणि अंगणात वाळत घातलेली मिरची दोनदा उचलावी लागली. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं तशी मी ती लगेच डंकावर न्यायला लावली, कारण इकडे ऑर्डरी अडल्या होत्या. मिरचीत ओल राहिली. ओल राहिली की पूड मोकळी होत नाही, वासही टिकत नाही. त्यातच गेल्या वर्षी मी काचेच्या बरण्या आणून दर्शनी कपाटात मांडल्या. दुपारनंतर तिथे थेट ऊन येतं. उजेडाने मिरचीचा रंग उडतो हे मला ठाऊक होतं, तरी बरण्या चांगल्या दिसतात म्हणून तिथेच ठेवल्या.

आजीने ही मिरची डंकावर जाऊच दिली नसती. ती प्रत्येक गोणपाटावरची एकेक मिरची उचलून कानाशी हलवायची. आत बिया खुळखुळल्या पाहिजेत. मग देठ मोडायची. तो कट्कन मोडला नाही तर सगळी रास पुन्हा उन्हात, मग मुंबईहून कितीही निरोप येवोत. रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी आणि लवंगी. धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, खसखस सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण हळकुंडाला लागणारी आच खसखशीला दिली तर ती करपून जाते. तयार मसाला चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे ठेवायचे आणि तोंडाला दादरा बांधायचा.

आजोबा गेले तेव्हा तिच्या पदरात तीन मुलं होती. आधी शेजाऱ्यांचा मसाला करून द्यायची, मग पत्र्याचे डबे रातराणी एसटीने मुंबईला येऊ लागले. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका तिची पहिली गिऱ्हाइकं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणाऱ्यांचे पगार थांबले आणि खानावळींकडचे पैसे थकले. आजीने डबे थांबवले नाहीत. ती उधारीची वही आजही आमच्या गल्ल्याखाली आहे. कित्येक पानांवर रकमेवर नुसती आडवी रेघ आहे, पैसे आल्याची तारीख नाही. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, डबे कुडाळहून गाडीत चढू लागले आणि वडिलांनी हा गाळा घेतला.

तिचं प्रमाण तिच्याबरोबर गेलं असं मात्र समजू नका. तिच्या शेवटच्या दोन उन्हाळ्यांत मी वजनकाटा घेऊन बाजूला बसायचो. तिची मूठ आधी काट्यावर, मग कढईत. "मूठ कसली मोजतंस?" म्हणून चिडायची, पण थांबायची. धण्याच्या नऊ मुठी मोजल्या, तर सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान मुठीत फरक भरला चार ग्रॅमचा. ते प्रमाण आजही तसंच आहे, त्यात काही वाढवलं-घटवलं नाही. या खेपेला कमी पडला तो माझा धीर.

आणि फोटोबद्दल. तो गिऱ्हाईक यावं म्हणून लावलेला नाही. आई रोज दुकान उघडल्यावर पहिलं फूल तिथे वाहते.

जूनच्या खेपेचा उरलेला सगळा मसाला विक्रीतून काढला आहे. काचेच्या बरण्याही कपाटातून हलवल्या. मे महिन्याच्या सुरुवातीला, पावसाआधी कांडलेला थोडा मसाला घरी बरणीत आहे, त्यातला अर्धा किलो तुमच्यासाठी बाजूला ठेवलाय. तुमची पिशवी फोडलेली असली तरी घेऊन या, पैसे हवे असतील तर पैसे परत देतो. संध्याकाळी सातनंतर मी स्वतः गल्ल्यावर असतो. सोमवारी दुकान बंद असतं.